केळीच्या मुलखात भाजीची वाटी

जळगावच्या केळीला आणि जळगावच्याच भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एक फळ, एक भाजी. रोज भाजी खाणाऱ्याला फळ हवंच का, हा प्रश्न म्हणूनच खान्देशात विचारायला हवा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये २००० कॅलरींच्या आहाराचा आराखडा दिला. त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. म्हणजे भाजीला चौपट जागा, आणि ती योग्यच आहे. लोह, कॅल्शियम, फोलेट हे सगळं मेथी-पोकळ्यासारख्या पालेभाज्यांतून मिळतं, तेही फार साखर पोटात न जाता. फळात असं एकही जीवनसत्त्व नाही, जे भाजीत सापडत नाही.

मग फळ कशाला? कारण आपण भाजी शिजवतो. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, आचेने नासतं. फळ मात्र कच्चंच खाल्लं जातं. भरिताचंच पाहा. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, मिरची-लसणासोबत बडगीत कुटायची. तंतू टिकतात, पण क जीवनसत्त्व फारसं उरत नाही. ती उणीव सोबतची कच्ची कांद्याची पात आणि लिंबाची फोड भरून काढते. शिवाय क जीवनसत्त्वामुळे भाकरीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. घरातल्या बायकांच्या ताटात तर लिंबू हवंच हवं.

केळ्याकडून मात्र भलती अपेक्षा नको. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ९० कॅलरी, ३५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व जेमतेम ९ मिलिग्रॅम; पेरूत ते २००च्या पुढे. शेतात राबणाऱ्याला, शाळेच्या पोराला केळं उत्तम. पण दोन केळी खाल्ली म्हणून भाजी टाळता येत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी केळं किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं. रस काढून, गाळून पिणं तर कुणीच फळाच्या हिशेबात धरू नये: तंतू चोथ्यात जातात, साखर पेल्यात उरते. शेवभाजीही भाजीच्या हिशेबात धरू नये. तिच्यात मुख्यतः बेसन आणि तेलच असतं.

मला फळाची खरी गरज दिसते ती उन्हाळ्यात. धुळे-जळगावकडे पारा चाळिशीपार जातो, पालेभाजी सुकते, महागते, आणि घरोघरी डाळ-बेसनावर भागवलं जातं. अशा दिवसांत शहाद्याकडची पपई घ्यावी. तिच्यात कॅरोटिन आहे, १०० ग्रॅमला साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, आणि एक फळ अख्ख्या घराला पुरतं.