काळा कुत्रा आणि सकाळचं ऊन

मित्रहो, आजचा विषय तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही, पण शेवटी आपण तिथेच पोचू.

आमच्याकडे १४ वर्षं एक काळा कुत्रा होता, मोत्या. तो गेल्यावर आम्ही त्याचे फोटो शोधले. शे-दीडशे निघाले, पण बहुतेकांत काय, तर एक काळा डाग आणि दोन चमकणारे डोळे. आता घरात दुसरा आलाय, तोही काळाच. तेव्हा चूक कुठे झाली, हे आम्ही जरा शिस्तीत समजून घेतलं.

पहिली गोष्ट उजेडाची. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याच्या किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, पिवळसर-तांबूस आपल्यापर्यंत पोचतो. शिवाय किरण तिरपे येतात. त्यामुळे केसांची चमक, पिकलेली हनुवटी, सगळं उठून दिसतं. भर दुपारी मात्र डोळे कपाळाच्या सावलीत जातात. पुण्यात डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतरचा तासभर टेकडीवर आपला.

दुसरी गोष्ट मोजमापाची. समोरचं जग सरासरीनं मध्यम करडं आहे, असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. काळा कुत्रा चौकटभर घेतला, तर तो राखाडी होतो. पांढरा घेतला, तर मळकट. आणि मागे लख्ख आकाश असेल, तर कॅमेरा आकाश सांभाळतो आणि कुत्र्याचा डाग होतो. आमचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून मागे झाडी किंवा माती घ्यावी. फोनच्या पडद्यावर कुत्र्याच्या तोंडावर बोट टेकवावं; तो राखाडी दिसला तर उजेडाची पट्टी थोडी खाली सरकवावी, पांढरा कुत्रा मळकट दिसला तर वर.

तिसरी गोष्ट गुडघ्यांची! उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्र्याची पाठ येते. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायला हवं. सत्तरीनंतर ते कठीण, म्हणून आम्ही खाली बसतो आणि त्याला दगडावर चढवतो. तो धावत असेल, तर सेकंदाचा १/१००० भाग एवढा वेग ठेवावा लागतो.

आता तत्त्वज्ञान. वैशेषिकांनी ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन वेगळे पदार्थ मानले. त्यांच्या ‘विशेष’चा अर्थ फार सूक्ष्म आहे, नित्य द्रव्यांपुरता, आपण इथे फक्त शब्द उसना घेऊ. कॅमेऱ्याला सरासरी कळते. हा कुत्रा सरासरी नाही, हा मोत्या आहे, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. १४ वर्षांत आम्ही ते सांगितलं नाही. वर्गात मात्र हे दोन शब्द आयुष्यभर शिकवले, बघा.

तुमच्या घरी म्हातारा कुत्रा असेल, तर येत्या रविवारी जरा लवकर उठा. बरं, आता प्रश्न घेऊ.