आडरानात गाडी पंक्चर झाली अन् पाय साथ देत नाही, तेव्हा

पेठ, सुरगाण्याकडं कितीतरी पाड्यांपासून पंक्चरचं दुकान लांबच. धडधाकट माणूस गाडी ढकलत नेतो. माझ्यासारख्या पोलिओवाल्याची जोडचाकांची स्कूटर बसली, की माणूसही तिथंच बसला.

हल्ली बऱ्याच स्कूटरला ट्यूबलेस टायर असतो. त्यात खिळा दिसला तर उपटू नका. खिळ्यानंच भोक बुजलेलं असतं, हवा हळूहळू जाते. हवा मारायची, सावकाश दुकान गाठायचं. मधे कमी झाली तर परत मारायची. मी चार्जिंगचा पंप डिकीत ठेवतो. पण तो घरीच लावून बघा. मागच्या वॉल्वपर्यंत हात पोचेना, म्हणून पहिल्या खेपेला पंप असून मी तासभर उन्हात बसलो होतो. आता लांब नळी घेतलीय. वॉल्व अडचणीत आला तर गाडी वीतभर पुढं घेतो.

ट्यूबचा टायर असेल तर हे चालत नाही, हवा टिकत नाही. तशीच दामटली तर टायरही जातो. वळण सोडून, लांबून दिसेल अशा जागी थांबा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून 112 लागू शकतो. कोणत्या रस्त्यानं चाललो, हे मात्र निघतानाच घरी सांगा.