पुलावरची उडी आणि आधी विचारायचे प्रश्न

आज विषय जरा वेगळा आहे, पण शेवटपर्यंत ऐका.

मे महिन्यातली आमच्या गटाची बैठक संपली, हिशोबाची वही मिटली आणि एक काकू मागं थांबल्या. त्यांची लेक अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइझी शहरात नोकरीला आहे. तिनं फोनवर आईला सांगितलं होतं, "आई, पुढच्या महिन्यात मी पॅराशूट लावून पुलावरून उडी मारणार आहे. एकटी नाही गं, एक तयार माणूस सोबत बांधलेला असतो." काकूंची झोप उडाली. मला म्हणाल्या, "तू बीए झालीस, तुला कळत असेल. पुलावरून उडी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ही तर पैसे भरून मारणार म्हणते. हे आहे तरी काय?"

मला तेव्हा काही सांगता आलं नाही. मग मी त्यांच्या लेकीशी दोन-तीनदा बोलले, वाचलं, व्हिडिओ पाहिले. जे समजलं ते काकूंना सांगितलं आणि आता तुम्हाला सांगते.

आधी तो पूल. आयडाहोत ट्विन फॉल्स नावाचं गाव आहे, बॉइझीहून गाडीनं दोनेक तासांवर. गावाच्या कडेला स्नेक नदीची खोल दरी आहे आणि तिच्यावर पेरीन पूल. आजचा पूल 1976 सालचा, लांबी साधारण 1500 फूट आणि नदीपासून उंची 486 फूट. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर जवळपास तेवढी. ज्यांचं नाव पुलाला दिलंय ते आय. बी. पेरीन शेतीसाठी झटलेले गृहस्थ. नदीचं पाणी कालव्यानं कोरड्या माळावर आणायला त्यांनी पुढाकार घेतला आणि तिथं शेती उभी राहिली. आज त्यांच्याच नावाच्या पुलावर जगभरातून पॅराशूटवाले येतात, कारण इथं वर्षभर, परवाना न काढता उडी मारता येते. अमेरिकेतच वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हर गॉर्ज नावाचा याहून उंच, 876 फुटांचा पूल आहे. तिथं मात्र ऑक्टोबरातल्या एका ठरलेल्या दिवशीच मुभा असते.

या प्रकाराला म्हणतात बेस जंपिंग. बेस हा चार इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांनी झालेला शब्द आहे. बिल्डिंग म्हणजे इमारत, अँटेना म्हणजे मनोरा, स्पॅन म्हणजे पूल आणि अर्थ म्हणजे डोंगराचा कडा. विमानातून नाही, तर अशा जागी उभ्या असलेल्या गोष्टीवरून उडी मारायची. आणि टँडम म्हणजे जोडीची उडी. नवखी बाई पुढं, जाणकार तिच्या पाठीमागं, खांद्यापाशी आणि कमरेपाशी पट्ट्यांनी एकमेकांना पक्के जोडलेले. पॅराशूट जाणकाराच्या पाठीवर असतं, ते चालवायचंही त्यानंच.

काकूंनी विचारलं, "म्हणजे ते ऋषिकेशला दोरी बांधून मारतात तसलं का?" नाही. ती बंजी. तिच्यात रबरी दोर पुलाला बांधलेला असतो, माणूस खाली जातो आणि झोके घेत राहतो. आपल्या कोकणात समुद्रावर होतं ते पॅरासेलिंग. त्यात छत्री आधीच वाऱ्यानं फुगलेली असते आणि दोर बोटीला असतो. पुलावरच्या या उडीत दोर कशालाच नसतो. छत्री घडी घालून पिशवीत असते आणि पडता पडताच ती उघडावी लागते. सगळा फरक इथंच आहे.

आता ती उघडते कशी? आपण खळ्यावर उफणणी करतो. सुपातून सोडलं की दाणा सरळ खाली येतो आणि भुसा हवेवर तरंगत बाजूला जातो. दाणा जड आणि आटोपशीर, हवा त्याला अडवू शकत नाही. भुसा हलका आणि पसरट, हवा त्याला झेलते. माणूस पडतो तो दाण्यासारखा. पॅराशूट उघडलं की वजन तेच राहतं, पण पसारा एवढा वाढतो की हवा झेलायला लागते.

जाणकाराच्या हातात आधी एक छोटी छत्री असते, मोठ्या परातीएवढी. उडी मारली की तो ती हवेत सोडतो, किंवा पुलावरचा मदतनीस ती धरून ठेवतो. ती ताणली गेली की पिशवी उघडते आणि मोठं पॅराशूट बाहेर येतं. हे पॅराशूट गोल नसतं, लांबट चौकोनी असतं. उशीच्या खोळी शेजारी शेजारी शिवाव्यात आणि पुढची तोंडं उघडी ठेवावीत, तसं. त्या तोंडांतून हवा शिरते आणि कापड पंखासारखं ताठ होतं. दोन्ही बाजूंना दोऱ्या असतात. उजवी ओढली की उजवीकडं वळतं, डावी ओढली की डावीकडं, दोन्ही ओढल्या की वेग कमी होतो. बैलाचा कासरा असतो ना, तसंच.

वेळ किती मिळतो, तेही बघा. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात 16 फूट खाली जाते. दोन सेकंद झाले की 64 फूट आणि तीन सेकंदांत 144 फूट. म्हणजे दर सेकंदाला वेग वाढत जातो. 486 फूट संपायला सहा सेकंदही पुरतात. विमानातून उडी मारणारे दहा-बारा हजार फुटांवरून निघतात. त्यांच्याकडं मुख्य पॅराशूट असतं आणि एक राखीव. एक दगा देतं म्हटलं तर दुसरं उघडायला वेळ असतो. पुलावरून तो वेळच नाही, म्हणून बेसच्या उडीत बहुतेक एकच पॅराशूट असतं. हे मी काकूंना लपवून ठेवलं नाही. विमानातल्या उडीपेक्षा ही उडी जास्त धोक्याची आहे, आणि या पेरीन पुलावरही माणसं दगावली आहेत.

मग नवख्यांना पूलच का? कारण पॅराशूट कधी कधी उघडताना भलतीकडं तोंड करतं. डोंगराच्या कड्यावरून उडी मारली आणि ते मागं वळलं, तर माणूस कड्यावर आपटतो. पुलाला अशी मागं भिंत नसते. खाली मोकळी दरी आणि नदी असते, वळायला जागा मिळते. म्हणून शिकणारेही पुलापासूनच सुरुवात करतात.

प्रत्यक्षात काय काय होतं? आधी वजन, तब्येत विचारतात. वजनाला मर्यादा असते, कारण पॅराशूटनं दोघांना पेलायचं असतं. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं, हृदयविकार, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, पोटात बाळ, यातलं काहीही असेल तर ते सांगायचं आणि उडी मारायची नाही. मग पट्टे चढवतात. मग जमिनीवरच सराव, कारण वर गेल्यावर भीतीनं ऐकू येत नाही. सराव साधाच. हात छातीशी, पट्ट्याला धरून. मान वर, नजर समोर, खाली पाण्याकडं नाही. आणि उतरताना पाय पुढं उचलून धरायचे, कारण आधी टेकायचे ते मागच्याचे पाय. मधेच पाय खाली सोडले तर घोटा मुरगळतो, मोडतोसुद्धा. उतरायची जागा खाली नदीकाठी असते. नेम चुकला तर पाण्यात पडायची तयारी हवी. आणि सगळं झाल्यावर दरीतून वर यायचं असतं. डोंगर चढणाऱ्या आपल्याला त्याचं काही नाही, पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा दम निघतो.

आता मुख्य गोष्ट. परवाना लागत नाही म्हणजे तिथं कागद तपासणारा कुणी साहेब उभा नसतो. विचारायचं ते उडी मारणाऱ्यानंच. म्हणून काकूंच्या लेकीला मी पाच प्रश्न लिहून पाठवले.

एक, ज्याच्याशी मला बांधणार, त्यानं स्वतः किती उड्या मारल्यात? आणि त्यातल्या जोडीच्या किती? एकट्यानं हजार मारल्या असतील, पण दुसऱ्याचं वजन घेऊन उडणं वेगळं.

दोन, पॅराशूटची घडी कोण घालतं, कुणी घातली आणि कधी?

तीन, वारा किती झाला की तुम्ही उडी रद्द करता? आणि रद्द झाली तर पैशाचं काय?

चार, काही झालं तर खाली दरीत मदत कशी पोचते? दवाखाना किती लांब आहे?

पाच, कठड्यापलीकडं उभी राहिल्यावर मला नको वाटलं तर मी नाही म्हणू शकते का?

शिवाय दोन कागद. उडीआधी ते एका कागदावर सही घेतात. त्यात साधारण असं असतं की मला इजा झाली किंवा माझा जीव गेला तरी मी किंवा माझ्या घरचे कोर्टात जाणार नाही. तो कागद आदल्या दिवशी मागून घ्यायचा आणि घरी बसून वाचायचा. दुसरा कागद आपल्या विम्याचा. अपघात विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत अशा धाडसी खेळातली दुखापत धरत नाहीत. आधी बघितलेलं बरं.

हे मी एवढं का धरून बसले, ते सांगते. काही वर्षांपूर्वी आमचा गट सहलीला कोकणात गेला होता. समुद्रावर पॅरासेलिंग चाललं होतं. रांग मोठी होती, माणूस घाईत होता. त्यानं माझ्या पट्ट्याची कडी लावली, मला ती सैल वाटली, पण मागं रांग, मैत्रिणी हसतायत, मी गप्प बसले. वर गेल्यावर एका मांडीचा पट्टा सरकला. पाच मिनिटं मी दोन्ही हातांनी दोर धरून लटकले होते. खाली आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "मजा आली का?" मी म्हटलं, "आली." मैत्रिणींनो, ती भीती मी विसरले. पण कडी सैल आहे हे कळूनही मी बोलले नाही, ते अजून विसरले नाही. लोक काय म्हणतील म्हणून आपण कितीतरी ठिकाणी अशा गप्प बसतो. दवाखान्यात, बँकेत, कर्जाच्या कागदावर अंगठा उठवताना. गटाचं कर्ज म्हणजेसुद्धा सगळ्यांना एका पट्ट्यात बांधून घेणंच की.

धाडस आणि विचारपूस यांचं वैर नसतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 साली उत्तर ध्रुवावर पॅराशूटची उडी मारली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 साली थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून विमानातून उडी मारली. आपल्याला फोटोत नऊवारी दिसते. तिच्यामागं शेकडो उड्यांचा अनुभव होता, तो फोटोत दिसत नाही.

आता काकूंच्या लेकीचं काय झालं? ती जूनमध्ये ट्विन फॉल्सला गेली. पाचही प्रश्न विचारले. त्या माणसानं न चिडता उत्तरं दिली. पट्टे चढवले, पुलापर्यंत गेले, आणि तिथं वारा वाढला. तो म्हणाला, "आज नाही." दोन तास गाडी चालवून ती तशीच परत गेली. रात्री आईला म्हणाली, "आई, पैसे हातात असताना तो नाही म्हणाला, तेव्हा मला त्याचा भरवसा वाटला."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली आणि उडी मारली. नीट उतरली. काकूंना त्या रात्री झोप लागली नव्हती, फोन उशाशीच होता. फोन आला तेव्हा लेक हसत होती आणि काकू रडत होत्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मला ती उडी पटली नाही, कधी पटणारही नाही. पण माझी पोरगी आंधळेपणानं गेली नाही, एवढं समाधान आहे."

परवा गटात एक साहेब कर्जाचे फॉर्म घेऊन आले. त्यांना गाडी गाठायची होती, म्हणाले, "इथं इथं सह्या करा, लवकर." आमच्या याच काकू उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, बसा जरा. आधी वाचून दाखवा."

मैत्रिणींनो, पुलावरून उडी मारायची वेळ आपल्यापैकी बहुतेकींवर येणार नाही. पण जेव्हा कुणी तुमच्या कमरेला पट्टा बांधेल, तेव्हा कडी स्वतः ओढून बघा. सैल वाटली तर तिथंच बोला.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.