राजीचं पुढं काय झालं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' 2020 साली आला. ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर, ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याआधी 2017 मध्ये किकस्टार्टरवर मागितलेला लोकवर्गणीचा निधी पुरेसा जमला नव्हता, तरी काम थांबलं नाही.

राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, ती शोधते आहे. तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत सांगतात आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात. राजस्थानी वळणाचे महाल तर बहुतेकांना आवडले. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट पदार्पणासाठी नामांकनही मिळालं.

कुरकुर झाली ती दोन गोष्टींवर. लढाया थोड्या वेळाने त्याच त्या वाटतात, ही एक. दुसरी शेवटाची, आणि ती जास्त झोंबणारी : पाच-सहा तासांत खेळ संपतो, तोही ऐन मोक्याच्या जागी. कीर्तनकाराने पूर्वरंग रंगवावा आणि उत्तररंगाआधीच वीणा खाली ठेवावी, तसं. ही तक्रार मला तरी कौतुकासारखीच वाटते. कंटाळलेला माणूस पुढचं विचारत नाही.

'राजी : कलियुग' या पुढच्या भागाची घोषणा झाल्यावर अपेक्षा साहजिकच वाढल्या. गोलूचं काय झालं, हे आधी सांगा, मग नवी शस्त्रं दाखवा!