ओल्या पुठ्ठ्याचा हिशेब

पुठ्ठा भिजला की त्याचा भाव पडतो. पुण्यातल्या एका वर्गीकरण शेडमध्ये उन्हाळी इंटर्नशिप करताना कचऱ्याचं बरंचसं अर्थकारण मला या एका गोष्टीतून कळत गेलं. मी एमबीए करते. प्रकल्पाचा विषय होता शाश्वत पायाभूत सुविधा. डोळ्यांसमोर मोठी यंत्रं, सरकते पट्टे, बायोगॅसच्या टाक्या होत्या. शेडमध्ये होतं पत्र्याचं छप्पर, एक वजनकाटा आणि गोण्यांच्या रांगा.

सकाळची घरं उरकून ढकलगाड्या आल्या की कचरावेचक मावशी सुका कचरा निवडायला बसतात. पाण्याच्या बाटल्या एकीकडे; कंपनी कुठलीही असो, त्या ‘बिसलेरी’च. शाम्पूचे डबे, दुधाच्या पिशव्या, पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, पत्रा, काच, सगळ्यांच्या गोण्या वेगळ्या. बाटलीचं झाकणही काढून वेगळं टाकायचं. बाटली पेटची, झाकण दुसऱ्याच प्लास्टिकचं. पाण्यात टाकलं तर पेट बुडतं, झाकण तरंगतं. दोन्ही एकत्र वितळवली तर माल बिघडतो. मी पुस्तकातून शिकलेली ही प्लास्टिकची जातकुळी मावशी चुरगळून, आवाजावरून ओळखतात. “कान दे नीट, कडकडतं ते निराळं,” असं एकीनं मला समजावलं. हे कौशल्य कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

चिप्सच्या चकचकीत पाकिटांपाशी मात्र त्यांचाही इलाज चालत नाही. त्यात वेगवेगळे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात; ते सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही.

पुण्यात 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिनं घरोघरच्या कचरासंकलनासाठी महापालिकेशी करार केला. मावशींची कमाई दोन वाटांनी येते: घरटी शुल्क आणि सुक्या मालाची विक्री. तुमच्या डब्यात उरलेली आमटी पुठ्ठ्यावर सांडली, तर त्या विक्रीतला तोटा त्यांच्या पदरात पडतो. आणि जे निवडता येत नाही ते ट्रकमध्ये चढतं. त्या ट्रकांचा त्रास काय असतो, हे कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना विचारावं. त्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत.

अहवाल लिहायला बसले तेव्हा यंत्रांची यादी मी खाली नेली. वर घेतलं ते पावसात न गळणारं छप्पर, हात धुवायला नळ, स्वच्छतागृह आणि कंबरेइतक्या उंचीचं टेबल, म्हणजे दिवसभर उकिडवं बसावं लागणार नाही. माझ्या मते शहराची पायाभूत सुविधा ही आहे. मिसळून, भिजून आलेल्या कचऱ्यातून महागडं यंत्रसुद्धा कोरडा कागद काढू शकत नाही.

ओला, सुका आणि घातक कचरा घरीच वेगळा करा, हे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून द्या. ते उघड्या हातांनी उचलायची वेळ कुणावर येऊ नये. आणि तुमच्या सोसायटीत मावशींना निवडायला छपराखालची जागा नसेल, तर पुढच्या बैठकीत तो विषय तुम्हीच मांडा.