गावचा कर्ब गावच्या मातीतच राखावा

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी ओलांडून चाकणकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव लागते. एका अंगास पिंपरी-चिंचवडचे कारखाने, दुसऱ्या अंगास चाकणची औद्योगिक वसाहत आणि मध्ये उरलेले शिवार, अशी या पट्ट्यातील गावांची स्थिती आहे. पुष्कळ जमीन कारखाने, गोदामे व कामगारांच्या भाड्याच्या खोल्या यांखाली गेली. जी राहिली तिच्यातूनच धान्य, चारा, भाजीपाला, चाकणच्या बाजारासाठी कांदा व पाण्याची सोय असेल तेथे ऊस काढावयाचा आहे. म्हणून उरलेल्या जमिनीचा कस टिकविणे हे अशा गावांचे पहिले काम होय.

हवामान बदलाचा विषय निघाला म्हणजे अशा गावांतून एक शंका हमखास विचारली जाते. धूर कारखान्यांचा आणि मोटारींचा. त्यात शेतकऱ्याने काय करावयाचे? शंका रास्त आहे. कारखान्यांच्या धुराचा हिशेब कारखान्यांनीच द्यावयाचा आहे आणि तो मागण्याचा गावास अधिकारही आहे. परंतु गावाचा स्वतःचाही एक हिशेब असतो. शेण, पाचट, पालापाचोळा, ओला कचरा व युरिया यांच्या वाटे गावातून जे हवेत जाते, ते बहुतांशी गावच्या जमिनीचेच धन असते. ते वाचविले तर हवेचा भार हलका होतो आणि जमीनही सुधारते. या लेखात त्याच हिशेबाचा विचार केला आहे.

हवेतील कर्ब आणि अवेळी पाऊस

कोळसा, डिझेल, पेट्रोल, लाकूड यांपैकी काहीही जाळले की त्यातील कर्ब हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. घोंगडी पांघरल्यावर अंगाची ऊब अडून राहावी तसे होते. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. त्याच वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान यंत्रयुगापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंशाने अधिक होते.

हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पावसात खंड पडतो आणि नंतर थोड्या वेळात फार पाऊस कोसळण्याचा संभव वाढतो. अशा पावसाचे पाणी जमिनीत न मुरता मातीसह वाहून जाते. ऐन काढणीच्या वेळी पाऊस आला की शेतात पडलेला कांदा भिजतो व तो पुढे चाळीत टिकत नाही. हवामान बदल शेतकऱ्याच्या दाराशी येतो तो अशा रूपाने.

कार्बन डायऑक्साइडखेरीज आणखी दोन वायूंचा शेतीशी जवळचा संबंध आहे. शेण किंवा ओला कचरा हवा न लागता कुजला की मिथेन निघतो. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या काळात त्याचा उष्णता अडविण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट असतो. नत्रखते गरजेपेक्षा अधिक दिली की जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो. त्याचा परिणाम सुमारे २७३ पट असतो.

शेण : उकिरडा की गोबरगॅस?

उकिरड्यावर उघड्यावर पडलेल्या शेणातील नत्र उन्हाने उडते व पावसाने वाहून जाते. ढीग ओला राहिला तर त्यातून मिथेनही निघतो. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातले म्हणजे मिथेन कोंडला जातो व चुलीत जळण म्हणून उपयोगी पडतो. १९६० नंतरच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने या संयंत्रांच्या प्रसाराचे काम हाती घेतले आणि १९८४ साली कमी खर्चाचा, विटांच्या घुमटाचा ‘दीनबंधु’ नमुना पुढे आला. विषय नवा नाही. परंतु आजच्या स्थितीत त्याचे महत्त्व दुणावले आहे.

चार-पाच मोठी जनावरे असलेल्या कुटुंबाचा हिशेब असा मांडता येईल. रोज सुमारे ५० किलो ताजे शेण मिळते. त्यात तितकेच पाणी कालवून टाकीत घातल्यास रोज सुमारे २ घनमीटर गॅस मिळतो व पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. एक घनमीटर गोबरगॅस हा सुमारे साडेतीन किलो सरपणाच्या किंवा ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसच्या बरोबरीचा असतो. म्हणजे महिन्यास सुमारे पावणेदोन सिलिंडरांइतके इंधन गोठ्यातून मिळते. १४.२ किलोचा एक सिलिंडर जाळला म्हणजे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढा तो टळतो. शिवाय टाकीतून बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत आहे. ती उघड्यावर वाळत न ठेवता पालापाचोळ्यासह खड्ड्यात मुरवावी किंवा पाटाच्या पाण्याबरोबर पिकास द्यावी.

मात्र गळका गोबरगॅस नसलेला बरा. गळणारा मिथेन थेट हवेत जातो आणि केलेले काम वाया जाते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. गळती शोधण्यास काडी ओढू नये किंवा दिवा नेऊ नये.

उसाचे पाचट जाळू नये

ऊस तुटून गेल्यावर एका हेक्टरात सुमारे ८ ते १० टन पाचट राहते. रान लवकर मोकळे व्हावे म्हणून ते पेटवून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. पाचटात साधारण ०.४ ते ०.५ टक्के नत्र असते. दहा टनांत ते ४० ते ५० किलो होते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या सुमारे दोन ते अडीच गोण्यांइतके. पाचट जाळले की त्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर जाते आणि जमिनीच्या वरच्या थरातील उपयुक्त जीवाणूही होरपळतात.

येथे एक शंका संभवते. पाचटातील कर्ब उसाने हवेतूनच घेतलेला असतो, मग तो पुन्हा हवेत गेल्याने काय बिघडले? जे पाचट कुजते त्यातील बराच कर्बही हवेतच परत जातो, हे खरे. परंतु काही भाग ह्यूमसच्या रूपाने जमिनीत टिकतो. जाळल्यास तो जवळजवळ उरतच नाही. शिवाय अर्धवट जळण्यातून मिथेन, नायट्रस ऑक्साइड व काजळी निघते. ही काजळी शेजारच्या वस्तीतील मुलांच्या व वृद्धांच्या छातीत जाते, हेही विसरता कामा नये.

खोडव्यात पाचट ठेवण्याची रीत सोपी आहे. ऊस तुटताच पाचट सऱ्यांतून सारखे पसरावे. यंत्र मिळाल्यास त्याची कुट्टी करावी. बुडखे जमिनीलगत छाटावेत. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू खत टाकून पाणी द्यावे. पाचटाच्या आच्छादनामुळे ओल टिकते, तण कमी उगवते आणि पाण्याच्या पाळ्यांतील अंतर वाढविता येते.

थोड्या शेणात पुष्कळ खत

या पट्ट्यात जनावरे कमी झाली, मग खत कोठून आणावयाचे, ही अडचण खरी आहे. तिच्यावर यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तयार केलेली व त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धत हा चांगला उपाय आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे हौद बांधतात आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत छिद्रे ठेवतात. त्यात १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, अवघे ९० ते १०० किलो शेण व सुमारे १,७५० किलो चाळलेली माती यांचे थर देऊन ते पाण्याने भिजवितात. वरून शेणमातीने लिंपून घेतात. तीन ते चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते. हवा खेळती असल्याने या हौदात मिथेन फारसा तयार होत नाही, हा आणखी एक लाभ.

युरिया हात राखून द्यावा

कांद्यास हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. नत्राचा अर्धा हप्ता लागवडीच्या वेळी द्यावा व उरलेला ३० आणि ४५ दिवसांनी विभागून द्यावा. लागवडीनंतर ६० दिवसांच्या पुढे नत्र देऊ नये. उशिरा दिलेल्या युरियाने पात हिरवीगार दिसते. परंतु कांद्याची मान जाड राहते, जोडकांदे वाढतात आणि माल चाळीत सडतो. वाया गेलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, तो निराळाच. माती तपासून खत दिल्यास हे दोन्ही तोटे टळतात. तपासणीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी आढळला तर प्रथम शेणखत, कंपोस्ट व ताग-धैंचासारख्या हिरवळीच्या खताकडे लक्ष द्यावे.

पाण्याबरोबर वीजही वाचते

पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे चार युनिट वीज घेतो. देशातील बरीचशी वीज कोळशावर तयार होत असल्याने दर युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पंप एक तास कमी चालला तर तीन किलोंची बचत होते. ठिबक सिंचन, योग्य मापाची पाइपलाइन, न गळणारा फूट व्हॉल्व्ह व आच्छादन यांनी हे सहज साधते. ज्यांना वीजजोडणी मिळालेली नव्हती अशा शेतकऱ्यांसाठी २०२४ साली राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना जाहीर झाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठरविण्यात आला.

खोल्यांचा कचरा

कारखान्यांलगतच्या गावांत शेतकऱ्यांइतकीच, कधी त्यांहून अधिक, बाहेरून आलेल्या कामगारांची वस्ती असते. तेथील कचरा रस्त्याच्या कडेला पेटविला जातो किंवा ओढ्यात पडतो. मोशी येथे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या, कचऱ्यापासून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. गावास एवढ्या मोठ्या यंत्रणेची जरुरी नाही. खोलीमालकांनी ओला व सुका कचरा निराळा घेण्याची अट घातली तर ओला कचरा हौदात किंवा गोबरगॅसमध्ये जाईल आणि प्लास्टिक भंगारवाल्याकडे जाईल. प्लास्टिक कदापि जाळू नये. कारखान्यातील तेलकट चिंध्या, रंग व रसायने लागलेल्या वस्तू खताच्या हौदात मुळीच टाकू नयेत. त्यांचे विष मातीत उतरते.

ग्रामसभेचे काम

हे काम एकट्या-दुकट्याने पुरे होणारे नाही. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानाने भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पाच तत्त्वांच्या आधारे गावांपुढे कार्यक्रम ठेवला. भंडारा जिल्ह्यातील बेला ग्रामपंचायतीस कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या कामाबद्दल व सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीस सौर ऊर्जेच्या कामाबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय पंचायत पुरस्कार मिळाले. गावाने एकदिलाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे या दोन गावांनी दाखविले आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रारंभी पुढील गोष्टींची नोंद एका वहीत करून ग्रामसभेपुढे वाचावी :

१. गावातील मोठी जनावरे किती व शेणाचा उपयोग कसा होतो.
२. चालू व बंद पडलेली गोबरगॅस संयंत्रे किती.
३. उसाखालील क्षेत्र किती व पाचट किती ठिकाणी जाळले जाते.
४. पंप किती व ठिबकाखालील क्षेत्र किती.
५. भाड्याच्या खोल्या किती व कचरा जाळण्याच्या जागा कोणत्या.

पहिल्या वर्षी सर्व कामे अंगावर न घेता दोनच निवडावीत. बंद गोबरगॅस दुरुस्त करणे आणि पाचट न जाळणे, ही दोन कामे खर्चाच्या मानाने सर्वांत हितावह आहेत. रस्त्यालगतच्या एका शेतात अर्ध्या खोडव्यात पाचट पसरून व अर्ध्यात ते बाहेर काढून प्रात्यक्षिक घ्यावे. पाणी दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी दोन्हीकडची माती शेतकऱ्यांच्या हातात द्यावी. पाचटाखालची ओल हातास लागली म्हणजे निराळ्या व्याख्यानाची जरुरी राहणार नाही.

जगाचे हवामान एका गावाने बदलणार नाही. परंतु कुरुळीसारख्या गावात जमीन दरवर्षी थोडी थोडी आकसत असता, उरलेल्या मातीतला कर्ब हवेत उधळणे परवडणारे नाही. तो मातीत राखला तर पाऊस लांबला तरी जमीन ओल धरून राहील आणि जोराचा पाऊस आला तरी माती बांधाच्या आतच राहील. गावाने स्वतःचा हिशेब असा चोख ठेवला म्हणजे शेजारच्या कारखान्यांकडे त्यांचा हिशेब मागण्यासही ग्रामसभेस बळ येईल.