वेदना थांबल्यानंतरचे महिने

दंतरोपण, म्हणजेच व्यवहारात ज्याला सरसकट 'इम्प्लांट' म्हटले जाते तो उपचार, हा पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे आटेदार मूळ बसवण्याचा आणि ते हाडात पक्के झाल्यावर त्यावर कॅप चढवण्याचा उपचार होय. वर्धा जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालयासारखी शिक्षण आणि उपचार यांची एकत्र सोय असलेली संस्था आहे, शिवाय शहरांतील खासगी दवाखानेही आहेत. त्यामुळे 'फिक्स दात' बसवून घेण्यासाठी नागपूर गाठण्याची गरज बऱ्याच अंशी उरलेली नाही. एका रोपणाची शस्त्रक्रिया बहुधा तासाभरात आटोपते. तिच्यानंतरचा काळ मात्र काही महिन्यांचा असतो, आणि त्यातले बहुतेक काम रुग्णाला दिसत नाही, दुखतही नाही; रोपण निकामी होण्याची अनेक कारणे याच न दुखणाऱ्या काळात दडलेली असतात.

हाडात छिद्र पाडताना ड्रिलवर थंड सलाइनची धार सतत सोडली जाते. हाडाचे तापमान 47 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन मिनिटभर तसेच राहिले तरी त्यातील पेशींना इजा होऊ लागते, हे 1980 च्या दशकातील स्वीडनमधील प्रयोगांनी दाखवून दिले होते, आणि मेलेल्या हाडात रोपण धरत नाही. छिद्र रोपणापेक्षा किंचित अरुंद ठेवलेले असते, म्हणून रोपण घट्ट बसते. या केवळ यांत्रिक पकडीला प्राथमिक स्थैर्य म्हणतात. त्यानंतर हिरडीला टाके घालून रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवले जाते.

पहिल्या चोवीस तासांचे महत्त्व जखमेत साकळणाऱ्या रक्तामुळे आहे, कारण नव्या ऊतींची जुळणी याच रक्ताच्या गुठळीच्या आधाराने सुरू होते. लाळेत थोडे रक्त दिसले की रुग्ण वारंवार थुंकू लागतो; तोंडातले रक्त पोटात जाऊ नये ही समजूत त्यामागे असते, परंतु थुंकताना आणि नळीने ताक किंवा सरबत ओढताना तोंडात जी पोकळी निर्माण होते तिच्यामुळे गुठळी सुटू शकते. म्हणून लाळ हलकेच गळू द्यावी किंवा गिळावी आणि त्या दिवशी गुळण्या करूच नयेत, असे सांगितले जाते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, आणि 'काल बरे होते, आज गाल जास्तच सुजला' म्हणून घाबरून परतणारे अनेक रुग्ण वास्तविक योग्य मार्गावरच असतात. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून, थांबून थांबून, बर्फाची पिशवी ठेवायची असते. घरोघरी लगेच दिला जाणारा गरम शेक या टप्प्यावर रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढवतो. चौथ्या दिवसानंतरही वाढत जाणारी सूज, ताप, पू, किंवा भूल उतरल्यावरही न जाणारी खालच्या ओठाची बधिरता मात्र तत्काळ डॉक्टरांना कळवण्याची लक्षणे आहेत. बधिरतेचा अर्थ खालच्या जबड्यातून जाणाऱ्या चेतातंतूवर दाब आला असावा, असा होऊ शकतो. वरच्या जबड्यातील मागच्या दातांच्या वर हाडातील सायनस नावाची पोकळी असल्याने तिथे रोपण झालेल्यांनी काही दिवस जोरात नाक शिंकरणेही टाळायचे असते.

आहाराच्या बाबतीत या भागातील स्वयंपाकघर रुग्णाच्या बाजूचे आहे, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. थंड केलेली आंबील, ताक, मऊ वरणभात, मुगाची खिचडी, कोमट पिठले यांवर आठवडा सहज निघतो. अडचण होते ती भाकरीच्या कडक पापुद्र्याची, ठेच्याची, तर्रीपोह्यांची आणि तीळ-खसखशीसारख्या बारीक दाण्यांची, जे टाक्यांत अडकून बसतात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने तोंड हलके खळाळून ते सोडून देतात, आणि क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश सांगितला असेल तर त्याने दातांवर तात्पुरता तपकिरी डाग येऊ शकतो, याची कल्पना रुग्णाला आधीच दिलेली बरी.

सात ते दहा दिवसांत टाके निघतात, आणि रुग्णाच्या लेखी आजारपण संपते. हाडाचे काम मात्र ऐन भरात आलेले असते. ड्रिलमुळे दुखावलेला हाडाचा थर शरीर आधी शोषून घेते आणि मगच तिथे नवे हाड रचते. जुनी यांत्रिक पकड सैल होत असते आणि नवी जैविक पकड पुरती आलेली नसते, म्हणून साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास रोपण सर्वांत कमकुवत असते. हाड आणि टायटॅनियम यांच्या या थेट जुळणीला अस्थिएकीकरण म्हणतात. स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1952 मध्ये सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे काढू पाहता ती हाडाशी एकजीव झालेली आढळली. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या मानवी रुग्णावर रोपण केले, आणि खालच्या जबड्याला सुमारे तीन व वरच्या, अधिक सच्छिद्र जबड्याला सुमारे सहा महिने भार न देण्याचा मूळ दंडकही त्यांच्याच पद्धतीतला. आज हा काळ अनेक रुग्णांत कमी करता येतो, तो हाडाची प्रत पाहून.

या काळात विदर्भात रोपणाचा सर्वांत मोठा शत्रू खर्रा आहे. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून दिलेली ही पुडी दिवसभर गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरली जाते, म्हणजे नेमक्या त्याच ठिकाणी जिथे जखम मिटायची असते. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करून नव्या हाडाला लागणारा रक्तपुरवठा घटवते, चुना नाजूक त्वचा भाजतो, सुपारीचे कण टाक्यांखाली शिरतात. वर्षानुवर्षांच्या सुपारीने गालांच्या आत तंतू साचून तोंड उघडेनासे होते, त्याला मुखांतर्गत तंतुमयता म्हणतात. अशा रुग्णाच्या मागच्या दाढेपर्यंत ड्रिल सरळ नेणेच कठीण होते आणि नंतर तिथे ब्रशही पोचत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी खर्रा सोडण्याचे वचन बहुतेक जण देतात, पण दुखणे थांबताच, म्हणजे त्याच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पुडी पुन्हा उघडते. तेव्हा व्यसन सोडवण्याचा प्रयत्न शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधीच सुरू व्हावा आणि टाके निघाल्यानंतरची भेट मुख्यतः त्यासाठीच ठेवली जावी, हे अधिक शहाणपणाचे ठरेल. आटोक्यात नसलेल्या मधुमेहाचीही गोष्ट अशीच आहे. साखर शस्त्रक्रियेच्या दिवसापुरती नव्हे, पुढचे सगळे महिने नियंत्रणात राहावी लागते.

रोपण धरल्याची खात्री क्ष-किरण चित्राने आणि ते हलत नाही हे तपासून झाली की हिरडीतून वर येणारा जोडभाग आणि त्यावर कॅप बसते. नैसर्गिक दाताभोवती सूक्ष्म तंतूंची गादी असते, जी चावण्याचा जोर मेंदूला कळवते. रोपणाभोवती ती नसते, म्हणून भाजलेला हरभरा किंवा ऊस त्या बाजूने किती जोराने चावला जातो आहे हे रुग्णाला लवकर उमगत नाही आणि काही आठवडे मऊ खाण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. त्याच जागी पुढे प्लाक साचून हिरडी सुजली आणि हाड झिजू लागले, तरीही दुखत नाही. ते केवळ तपासणीत दिसते, आणि तपासणीची तारीख सोयाबीनच्या काढणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत आली तर आर्वी-आष्टीकडचा शेतकरी येत नाही. ती तारीख पेरणीपूर्व उन्हाळ्यात आणि वेचणी ओसरल्यावर ठरवणे दवाखान्यांना सहज जमण्यासारखे आहे.